मामांची पोटरी

पालघरपासून तारापूरपर्यंत आजवर जी काही माणसं दोन पायांवर उभी राहिली असतील, त्यांत आमच्या हिच्या मामांइतकं उभं कुणीही राहिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माणूस आधी रांगतो, मग बसतो आणि मग उभा राहतो. मामांनी मधला बसण्याचा भाग गाळला असावा. कुंभवलीच्या अंगाला असलेल्या एका कापड कारखान्यात ते फोल्डिंग खात्यात होते. तिथे पाळी संपेपर्यंत टेबलाशी उभं राहून कापडाच्या घड्या घालायच्या. सुटले की बोईसरहून पालघरला गाडीत उभे, पालघरहून शिरगावला एसटीत उभे, आणि घरी पोचल्यावर ओट्यावरच्या खांबाला टेकून उभ्यानेच चहा. एसटी अर्धी रिकामी असली तरी हे दाराजवळच्या दांड्याला धरून उभे. कंडक्टर म्हणायचा, "काका, बसा की. सीट हाय ना." यावर मामा म्हणायचे, "तिकीट पूर्ण घेतलंय ना मी? मंग तू तुजं काम कर." आमच्या बोईसरच्या खोलीवर ते महिन्यातून एक-दोनदा यायचे. मी खुर्ची पुढे सरकवायचो, ते ती परत भिंतीला लावून ठेवायचे आणि दाराच्या चौकटीत उभे राहून तासभर गप्पा मारायचे. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, वसुलीला कुणी आलंय.

माणूस शिरगावच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. बाप, भाऊ, चुलते, सगळे समुद्रावर. मामांचं मात्र होडीत पाय टाकला की पोट ढवळायचं. दुसरा कुणी असता तर ही गोष्ट खाली मान घालून सांगितली असती. मामा म्हणायचे, "मी समुद्राला नको झालो असं नाय जावई, समुद्रच मला पसंत पडला नाय." असा सगळा खाक्या! आत्मविश्वास एवढा की चुकीचा रस्तासुद्धा असा दाखवायचे की विचारणाऱ्याला रस्ताच चुकलाय असं वाटावं. एका गोष्टीत मात्र तो आत्मविश्वास शंभर टक्के खरा होता. फेटा बांधावा तर मामांनीच. शिरगावपासून सफाळ्यापर्यंत नात्यागोत्यात कुठेही लग्न असलं की मामांना आधी निरोप जायचा, भटजींना नंतर. डोकं कसलंही असो, टक्कल असो, चपटं असो, मामांच्या हाताखालून गेलं की त्यावर तुरा असा ताठ उभा राहायचा की नवऱ्यामुलाला स्वतःबद्दल भलतेसलते गैरसमज व्हायचे. आणि हे सगळं अर्थातच उभ्याने, सकाळपासून वरात निघेपर्यंत.

आता या उभं राहण्यामागे एक कारण होतं आणि ते घरातल्या चारचौघांनाच ठाऊक होतं. मामांच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूला एक जखम होती. भरायची, पुन्हा उघडायची, मग भरायचंच विसरली. आजूबाजूची कातडी काळीतपकिरी पडून चामड्यासारखी कडक झाली होती. जखमेला पाणी सुटायचं, त्याला वास यायचा. बसलं की पँट वर सरकते, माशी येते, शेजारचा नाक मुरडतो. एका लग्नात म्हणे मामा पंगतीला बसले असताना शेजारची बाई आपलं पान उचलून गपचूप पलीकडच्या रांगेत गेली. तेव्हापासून मामा घराबाहेर कुठे बसले नाहीत. "मी उभाच बरा," एवढंच सांगायचे, आणि तेही असं ठणकावून, की बसणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. औषधं म्हणाल तर त्यांनी हळद लावली, कडुनिंबाचा पाला बांधला, उंडीचं तेल चोपडलं, कुणाकुणाच्या उरलेल्या गोळ्या कुटून त्यांची पूड भुरभुरवली. मोठ्या भावाने होडीला लावायचं डांबर सुचवलं. "गळती बंद होतेच," तो म्हणाला. मामांनी त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार केला होता, असं मामी सांगत. डॉक्टरकडे मात्र जायचं नाव नाही.

मामांची एकुलती एक मुलगी सफाळ्याला दिली होती. घर भातशेतीवालं, माणसं साधी, जावई सरळ. मामा तिला भेटायला जायचे ते सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. अंगणात उभे राहायचे, पिशवी द्यायचे, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि पुढच्या शटल गाडीने परत. सासरची माणसं आत बोलवायची, तर मामांकडे उत्तर तयार होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. मामा एरवी एक रीत पाळणार नाहीत, पण ही रीत त्यांनी अशी कडेकोट पाळली की सफाळ्याचे लोक म्हणायचे, काय जुन्या वळणाचा माणूस आहे हो! खरं काय ते आम्हाला माहीत होतं. रीत पायाची होती.

आणि मग मुलीला दिवस गेले. मामींनी शिरगावभर साखर वाटली. मामा मात्र बोईसरला आमच्या दारात येऊन उभे राहिले ते तोंड पाडून. अशा चेहऱ्याचे मामा मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "जावई, आता पंचाईत झाली. पोर झालं की रीत संपली. उष्टावणाला बोलवतील. तिला भाव नाय. म्हंजे पोराला मांडीवर घेऊन पाटावर कुणी बसायचं? मी." उष्टावणात मुलाला पहिला घास आईच्या भावाने भरवायचा, आणि तो नसला तर आजोबाने. आपल्या नातवाला पहिला घास भरवायला मिळणार, या विचाराने कुणाचाही आजोबा हरखून गेला असता. आमच्या मामांच्या डोळ्यांसमोर फक्त ती पान उचलून निघून गेलेली बाई होती. "त्यांच्या माजघरात, सगळ्या पावन्यांच्या मदी, हा पाय घेऊन बसू?" ते म्हणाले. त्याच आठवड्यात मी आणि हिने त्यांना जवळजवळ ओढत पालघरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई वयाने लहान, बोलण्यात फटकळ आणि मामांच्या आत्मविश्वासाला अजिबात भीक न घालणाऱ्या. त्यांनी पाय पाहिला, नाकाला पदर लावला नाही की तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, "काम उभ्याचं आहे ना?" मामा खूश! पहिल्याच बोलण्यात आपलं मोठेपण ओळखलं म्हणून. बाईंनी समजावलं, की रक्त पायात उतरतं ते आपोआप, पण वर चढताना त्याला कुणीतरी ढकलावं लागतं. ते काम पोटरीचं. चालताना, टाच उचलताना पोटरी आवळली जाते आणि रक्त वर जातं. नुसतं उभं राहिलं की पोटरी स्वस्थ, रक्त खाली साचून राहतं, आणि कातडीला ताजं रक्त पोचत नाही. "उपाशी कातडी जखम कशी भरून काढणार?" मामांनी मान डोलावली. "म्हंजे आमचा पंप बंद हाय." बाई म्हणाल्या, "बंद नाही, तुम्ही चालवत नाही." मग सांगितलं: पट्टी बांधा, झोपताना पाय उशांवर उंच ठेवा, चाला, आणि उभं राहावं लागेल तिथे टाचा उचला, खाली ठेवा, उचला, खाली ठेवा. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मला वाटलं मलम देतील. ही बाय मला नाचायला सांगते."

पट्टी कशी बांधायची हेही बाईंनी दाखवलं होतं. पण मामांना बांधायला शिकवणं म्हणजे काय! ते त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होते. दुसऱ्या रविवारी आमच्याकडे आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मोठ्या ऐटीत. पाहतो तर काय, पायाला फेटा! गुडघ्याखाली पहिला करकचून वेढा, तिथून एकावर एक सुबक घड्या घालत खाली, आणि घोट्यापाशी, देवाशप्पथ सांगतो, चक्क तुरा. खाली पाऊल सुजून बोटं निळी पडली होती. "कसा आलाय?" मामांनी विचारलं. हिने किंकाळी फोडली. तशीच पुढची गाडी पकडून पालघर गाठलं. बाईंनी चष्मा वर सारून पायाकडे बराच वेळ पाहिलं. "कुणी बांधला हा?" मामा म्हणाले, "मीच." "सुंदर आहे," बाई म्हणाल्या, "सोडा लगेच." आणि मग बाईंच्या तोंडाचा जो काही पट्टा सुटला! वरून आवळलं तर रक्त येईल तेवढंही येणार नाही, पाय जाईल, कळतंय का? पट्टी बोटांपासून सुरू करायची, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. मामांनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी मुकाट्याने ऐकलं. बाईंनी त्यांच्याकडून बांधून घेतली, सोडायला लावली, पुन्हा बांधून घेतली. घरी परतताना गाडीत म्हणाले, "पायाचं डोकं खाली असतं, हे मला आधी कुणी सांगायला नको?"

एकदा पटलं की मग मामांना आवरणं कठीण. टाचा उचलायचं त्यांनी असं मनावर घेतलं की पालघर तालुक्यात त्यांनी एकही जागा सोडली नाही. फलाटावर टाचा वर-खाली. रेशनच्या रांगेत टाचा वर-खाली. बाईंनी आकडा सांगितला होता, पण मामा म्हणाले, "मोजत बसलो तर करू कवा?" कारखान्यात टेबलाशी उभ्या उभ्या सुरू झाले. सुपरवायझर उत्तरेकडचा होता. त्याने विचारलं, "चाचा, ये क्या चालू है?" "पंप चला रहा हूँ," मामा म्हणाले आणि त्याला रक्ताचं सगळं शास्त्र सांगितलं. आठवडाभरात अख्खं फोल्डिंग खातं घड्या घालता घालता टाचांवर वर-खाली होऊ लागलं. दारातून बघणाऱ्याला वाटावं, भूकंप फक्त इथेच आलाय. ते एक बरं. पण पुढे आमच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ वारले आणि आम्ही त्यांच्या घरी सांत्वनाला गेलो तेव्हा काय झालं? सगळे माना खाली घालून बसलेले, घरची बाई हुंदके देतेय, आणि कोपऱ्यात उभे असलेले मामा संथपणे वर जाताहेत, खाली येताहेत. मामींनी चिमटा काढला. मामा हळूच म्हणाले, "त्यांचा बंद पडला म्हनून मीपन बंद ठेवू?" मी खोकल्याचं सोंग करून बाहेर पळालो.

याहून भारी म्हणजे त्यांचं हात लावून बघायला सांगणं. व्यायामाआधी आणि व्यायामानंतर बाई जखमेभोवतीच्या कातडीला पालथा हात लावून बघायच्या. मामांनी ते उचललं. पहिल्यांदा मला हात लावायला लावला तेव्हा ती कातडी गार आणि टणक होती. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायला लावला तेव्हा खरंच ऊब जाणवली, आणि बोटाने दाबलं तर जरा दबत होती. "बघा, ताजं रक्त! पोचलं की नाय?" मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले. त्यांनाही हात लावायला लावला. मग काय! पोस्टमन, आमचा दूधवाला, स्टेशनबाहेरचा पानवाला, कुणी सुटला नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं तो पाय लपवला, तो आता रस्त्यात पँट वर करून म्हणायचा, "लाव हात. घाबरतोस काय, पाय हाय, विंचू नाय." जखमही लहान होत चालली होती. रुपयाएवढी झाली, मग आठ आण्याएवढी. वास कधीच गेला होता. इकडे शिरगावला मुलीला मुलगा झाला, दोन-अडीच महिन्यांनी बाळ-बाळंतीण सफाळ्याला गेली, आणि मामा छाती काढून सांगू लागले की उष्टावणाला मी कोऱ्या पायाने जाणार.

आणि नेमकं घोडं अडलं ते फेट्यापाशीच. उष्टावणाला थोडे दिवस राहिले असताना शिरगावात भावकीतलं एक लग्न निघालं. मामींनी बजावलं होतं, जायचं नाही. "एक नवऱ्याचा बांधतो नि येतो," म्हणून गेले. नवऱ्याचा झाला, मग करवल्याचा, मग मानकऱ्यांचे, मग रांगच लागली. फेटा हातात आला की मामांना स्वतःच्या पायांची शुद्ध नसायची. टाचा नाहीत, चालणं नाही, पट्टीसुद्धा घाईत सकाळी सैल बांधलेली. दिवसभर एका जागी उभे. संध्याकाळी मोजा ओला झाला होता. दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा पसरलेली. बाई चिडल्या, मग शांतपणे म्हणाल्या, भरेल, पण आता उष्टावणाच्या आत नाही.

मामा आमच्याकडे आले. दाराच्या चौकटीत नेहमीसारखे उभे राहिले. टाचा हलत नव्हत्या, म्हणजे बघा. म्हणाले, "मामीच्या भावाला पाठवतो. तो बसंल पाटावर. माजं काय, पोर मोठं झाल्यावर भरवीन कवातरी." मी नुसता पंख्याकडे बघत बसलो. पण आमची ही! ती पोळ्या लाटत होती, तशीच पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "मामा," ती म्हणाली, "अख्ख्या बोईसरला तू तुजा पाय दाखवीत फिरलास. पानवाल्यालासुद्दा हात लावाय लावलास. आनि तुज्या नातवाला तेवडा दाखवायचा नाय?" मामा म्हणाले, "पानवाला काय मला पंगतीतून उठून जानार हाय?" हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. तिने डोळे पुसले आणि सगळं पीठ गालाला लागलं. म्हणाली, "कोन उठलं तर मी बसन तुज्या बाजूला. चल तू." उष्टावणाच्या सकाळी मामा नवीन धुतलेली पट्टी बोटांपासून गुडघ्यापर्यंत नीट बांधून पालघरच्या फलाटावर हजर होते.

सफाळ्याला घरचीच माणसं होती, मांडव वगैरे काही नाही. मामी आत गेल्या, ही गेली. मामा अंगणात येऊन थांबले आणि त्यांच्या टाचा सुरू झाल्या, वर-खाली, वर-खाली. मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, आत ये ना." मामा म्हणाले, "तू हो पुढं. वारा बरा हाय इथं." मी त्यांच्याजवळच उभा राहिलो. हा माणूस आता कुठल्याही क्षणी वळून स्टेशनची वाट धरणार असं वाटत होतं. तेवढ्यात त्यांच्या विहीणबाई बाहेर आल्या. अंगाने भरलेल्या, उन्हात राबून रापलेल्या, नातू कडेवर. त्यांनी मामांच्या पायाकडे सरळ पाहिलं, लपूनछपून नाही.

"व्याही," त्या म्हणाल्या, "माज्या अंगणात किती वर्सं उभं ऱ्हाल? त्या पायासाठीच ना? ते मला लग्नातच दिसलं. माज्या सासूला असंच होतं, मरेपरेंत. तिला काय आमी वट्यावर जेवाय घातली? माजी पोरं तिच्याच मांडीवर वाडली." मामांच्या टाचा थांबल्या. विहीणबाईंनी मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमी आलाव की मी दर खेपेला आत तुमचा पाट मांडते, नि तुमी गेलाव की उचलून ठेवते. आज मी तो उचलनार नाय."

मामा आत गेले. पाटावर बसायचं कसं हे विसरले असावेत, एका हाताने भिंत धरून हळूहळू खाली आले. डावा पाय समोर लांब पसरला, पट्टी सगळ्यांना दिसत होती. कुणी उठलं नाही. ही ठरल्याप्रमाणे त्यांच्या शेजारी बसली, पण तशी गरजच पडली नाही. नातू मांडीवर आला, त्याने आजोबांचं शर्टाचं बटण तोंडात घातलं. मामांनी बोटावर खीर घेऊन भरवली. पोराने ती थुंकली, जरा विचार केला आणि पुन्हा तोंड उघडलं. "बगा, पसंत पडली," मामा म्हणाले, आणि मामींनी पदर तोंडाला लावला. मग त्यांना वाढलं. लेकीच्या घरी मामा पहिल्यांदा जेवत होते. काय जेवले म्हणता! भात, पुन्हा भात, माशाचं कालवण, खीर, मग पुन्हा भात. पाय पसरून बसलेले, मूल मांडीवर झोपलेलं. दुपार कलली तशा मामी म्हणाल्या, "उठा आता, शटलची वेळ झाली." मामांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "जायचं तर तू जा. मी बसलोय."

ती जखम त्यानंतर भरली. दोन वर्षांनी पुन्हा उघडली, पुन्हा भरली. हे दुखणं असंच असतं, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मामा शेवटपर्यंत पट्टी बांधत राहिले आणि बोलावणं आलं की लेकीच्या घरी जाऊन खुशाल चार-चार दिवस मुक्काम ठोकायचे. आता ते नाहीत. कुणाच्या तोंडून असा ठाम, चुकीचा सल्ला आजकाल ऐकू येत नाही, आणि खरं सांगतो, त्याची आठवण येते. त्या संध्याकाळी मात्र सफाळ्याहून परतताना शटलमध्ये मी, ही आणि मामी, तिघंच होतो. पालघर जवळ आलं तेव्हा हिने विचारलं, "मामी, एकटीच घरी जानार, भीती नाय ना वाटनार?" मामी हसल्या. "भीती कसली?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं तो मानूस कुठंबी गेला तरी रातच्याला घरी आला. आज पयल्यांदा कुणाकडं तरी राह्यला. मी आज सुखानं झोपनार."